हिशेबतपासनिसाची उमेदवारी

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणजे जमाखर्चात तरबेज, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः पाठ्यपुस्तकातील उदाहरणांत आकडे आधीच खरे मानलेले असतात. ते योग्य रकान्यांत मांडून ताळेबंद जुळवला की गुण मिळतात. मुळात तो आकडा खरा आहे काय, हा प्रश्न बहुतेक विद्यार्थ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो सनदी लेखापालाच्या कार्यालयात, 'आर्टिकलशिप' या नावाने चालत आलेल्या उमेदवारीच्या पहिल्या वर्षात.

ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई सरकारने १९१८ मध्ये हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली, तेव्हाही केवळ परीक्षा पुरत नसे. मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षे उमेदवारी केल्यावाचून व्यवसायाचा पूर्ण परवाना मिळत नव्हता. १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यानंतरही हे तत्त्व टिकले. १ जुलै २०२३ पासूनच्या योजनेत मात्र तीन वर्षांची मुदत दोनवर आली असून, शेवटच्या वर्षातील नऊ ते बारा महिने एखाद्या उद्योगसंस्थेत काढण्याचीही मुभा आहे. म्हणजे कित्येक विद्यार्थ्यांच्या वाट्याला प्रत्यक्ष हिशेबतपासणीचे असे एकच वर्ष येणार. त्या वर्षात काय घडते, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

बार्शीहून किंवा शिरपूरहून पुण्यात आलेला एखादा मुलगा जानेवारीची इंटरमीजिएट परीक्षा उत्तीर्ण होऊन मार्चमध्ये कार्यालयात रुजू झाला, तर पुरते स्थिरावण्याआधीच त्याची रवानगी बँकशाखेच्या तपासणीवर होते. एप्रिलचा पहिला पंधरवडा हा या व्यवसायातील लगीनसराईचा काळ. कर्जाचा हप्ता वा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले तर ते कर्ज अनुत्पादक ठरते, ही व्याख्या त्याला तोंडपाठ असते. परंतु ३० मार्चला थकबाकी पूर्ण भरली गेली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जवळपास तेवढीच रक्कम त्याच कर्जदाराच्या दुसऱ्या खात्यातून नव्या कर्जाच्या रूपाने बाहेर पडली, असे खाते समोर आले म्हणजे व्याख्या मुकी होते. तेथे उताऱ्यावरील तारखा वाचाव्या लागतात. मालतारणाच्या विम्याची मुदत केव्हा संपली, गोदामातील मालाचे मासिक पत्रक किती महिन्यांचे शिळे आहे, हे फायली चाळल्यावाचून कळत नाही. आणि कोणती फाईल मागावी हे पुष्कळदा शाखेतील एखादा जुना कारकूनच हळूच सुचवतो. हिशेबतपासणीच्या शिक्षणात या अनाम गुरुजनांचा वाटा केवढा मोठा आहे, याची नोंद कोणत्याही अभ्यासक्रमात सापडत नाही!

जुलैअखेरची विवरणपत्रे आणि दरमहाच्या जीएसटीची धावपळ यांतून शिकण्यासारखे थोडे असते. तेथे बोटे अधिक चालतात. सप्टेंबरातील करविषयक लेखापरीक्षण मात्र डोळे उघडणारे असते. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास, काही अपवाद वगळता, तो खर्च वजावटीस ग्राह्य धरला जात नाही. मग ९,९०० रुपयांची तीन व्हाउचरे, लागोपाठच्या तीन दिवसांची, एकाच शाईत व एकाच हस्ताक्षरात लिहिलेली आढळतात. प्रत्येक व्हाउचर सुटे पाहिले तर निर्दोष. तिन्ही शेजारी ठेवली की बोलू लागतात. असे का, हे विचारण्याचे धाडस वीस वर्षांच्या मुलाने करावे, अशी अपेक्षा असते. पण मुदत ३० तारखेची, फायली चाळीस, आणि ज्याची तपासणी करायची तोच शुल्क देणारा! 'मागच्या वर्षीप्रमाणे खूण करून टाक' एवढी एक सूचना ज्या कार्यालयात सर्रास दिली जाते, तेथे उमेदवार वर्षभरात बरोबर हीच विद्या शिकतो.

याला क्षुल्लक मानणे महागात पडते. ७ जानेवारी २००९ रोजी 'सत्यम'च्या अध्यक्षांनी दिलेल्या कबुलीपत्रात ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याचे म्हटले होते. अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ मध्ये कंपनीच्या लेखापरीक्षकांवर ठेवलेल्या ठपक्यात मुख्य बाब कोणती होती? बँकेतील शिलकीची स्वतंत्र खातरजमा करण्यातील हयगय. बँकेला परस्पर पत्र पाठवून उत्तर मागवण्याचे हे काम सामान्यतः सर्वांत कनिष्ठ माणसाकडे सोपवले जाते. ते पत्र अशिलाच्या हाती देऊ नये, एवढा साधा धडा पहिल्या वर्षात गिरवला गेला पाहिजे.

आता या शिक्षणाची किंमत कोण मोजतो ते पाहू. सकाळी सातला महाविद्यालय, दहापासून कार्यालय, रात्री अंतिम परीक्षेचा अभ्यास, असा क्रम कागदावर असतो. प्रत्यक्षात गळतो तो सकाळचा तास. ७५ टक्के हजेरीचा नियम कसा पाळला जातो हे प्राध्यापकांना ठाऊक आहे आणि विद्यार्थ्यांनाही. संस्थेच्या नियमात कामाचे तास आठवड्याला ३५. ऐन हंगामात हा आकडा विनोदाचा विषय होतो. विद्यावेतनाची किमान रक्कम कार्यालय ज्या गावी आहे त्याच्या लोकसंख्येनुसार ठरते. मोठ्या संस्था अधिक देतात. पण छोट्या कार्यालयांत किमान रक्कम हीच पुष्कळदा कमाल असते, आणि पुण्यात कॉटचे भाडे व खाणावळ यांना ती पुरत नाही. उरलेला भार गावाकडचे घर उचलते.

ज्यांचे घर शहरातच आहे त्यांना हेच विद्यावेतन हातखर्चाला पुरून उरते. परीक्षा दोघांना सारखीच. तरी एकाला पहिली निवड कामाचा दर्जा पाहून करता येते, दुसऱ्याला भाडे पाहून. 'कमवा आणि शिका' ही योजना ज्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी उभारली त्यांच्या महाराष्ट्रात, नुसते शिका आणि घरून मागवा, अशी ही व्यवस्था चालू राहावी हे विपरीत आहे. गुणवत्ता असूनही जो मुलगा अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी परततो, त्याच्या वाट्याला बँकेची मोठी शाखा किंवा नामांकित कारखान्याचे गोदाम क्वचितच येते.

यावर उपाय दुष्प्राप्य नाही. विद्यापीठांनी उमेदवारीचे हे वर्ष पदवीच्या श्रेयांकांत धरले, तर हजेरीचे नाटक तरी थांबेल. आणि विद्यावेतन ठरवताना कार्यालयाच्या गावाची लोकसंख्या मोजण्याबरोबरच विद्यार्थी घरी राहतो की घराबाहेर, एवढा एक रकाना नोंदणीच्या अर्जात वाढवावा. घराबाहेर राहणाऱ्यास द्यावयाचा फरक संस्थेने आपल्या निधीतून सोसावा.