सूर्या बोनालीचा दुसरा आकडा

फिगर स्केटिंगच्या परीक्षकांकडे २००४च्या सुमारापर्यंत प्रत्येक खेळाडूसाठी दोन आकडे असायचे. एक तांत्रिक कौशल्याचा, दुसरा कलात्मक सादरीकरणाचा, दोन्ही सहापैकी. पहिल्या आकड्यावरून वाद घालायला निदान काही आधार असे. उडीत गिरक्या किती झाल्या, खेळाडू सावरली की पडली, हे सगळ्यांना दिसायचं. खरं राजकारण दुसऱ्या आकड्यात. मोठ्या फेरीत दोघींची बेरीज सारखी निघाली, तर त्या परीक्षकापुरती दुसरा आकडा जास्त असलेली वर जायची. एकांकिका स्पर्धेच्या निकालानंतर नाट्यगृहाबाहेर जी बाचाबाची होते, तिच्यावर एखाद्याचं ऑलिंपिक पदक अवलंबून असावं, असा हा मामला.

या दुसऱ्या आकड्यापायी फ्रान्सच्या सूर्या बोनालीची कारकीर्द अडत राहिली. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं ती युरोपची विजेती होती, फ्रान्सची तर नऊ वेळा. जागतिक स्पर्धेत मात्र १९९३, १९९४ आणि १९९५ मध्ये तिन्ही वेळा रौप्य. तिन्ही वेळा वरची खेळाडू वेगळी होती: युक्रेनची ओक्साना बायुल, जपानची युका सातो, चीनची चेन लू. ऑलिंपिकमध्ये १९९२ साली पाचवी, १९९४ साली चौथी.

तिचा जन्म १९७३चा, नीस शहरातला. बोनाली दांपत्याने तिला अगदी लहान असताना दत्तक घेतलं. आई सुझान व्यायामशिक्षिका. लहानपणी मुलगी टम्बलिंग करायची, म्हणजे धावत येऊन एकापाठोपाठ एक कोलांट्या मारायच्या. ती ताकद आणि तो बेधडकपणा घेऊन ती बर्फावर उतरली. वेळही तिच्या सोयीची होती. बर्फावर ब्लेडने आठाचे आकडे अचूक गिरवायची सक्तीची फेरी १९९० नंतर जागतिक स्पर्धेतून गेली आणि उड्या मारणाऱ्यांना मोकळं रान मिळालं. १९९२च्या आल्बर्तव्हिल ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या वतीने शपथ घेतली ती बोनालीने. त्याच स्पर्धेत तिने हवेत चार गिरक्यांची उडी घेऊन पाहिली. गिरकी पुरी झाली नाही, उडी धरली गेली नाही. महिलांमध्ये तशी उडी अधिकृतपणे मान्य व्हायला २००२ साल उजाडलं. ती मिकी आंदोची.

पण मुलगी काळी, आखूड बांध्याची, पिळदार मांड्यांची. या खेळाला नाजूक परी हवी होती. तिचे प्रशिक्षक दिदिए गायागे यांनी वर आणखी भर घातली. ती रियुनियन बेटावर जन्मली, अशी एक चटकदार कथा त्यांनी पत्रकारांना पुरवली. पत्रकारांनी ती छापली. नीसमधल्या मुलीची दूरदेशीची रानकन्या झाली, आणि रानकन्येकडून लालित्याची अपेक्षा कोण करणार? विकण्यासाठी रचलेली ही गोष्ट तिला महागात पडली असावी, असं मला वाटतं.

सगळा दोष वर्णद्वेषावर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. अमेरिकेची डेबी थॉमस काळीच होती आणि १९८६ मध्ये जगज्जेती झाली होती. बोनालीच्या स्केटिंगमध्ये उणिवा होत्या. उड्यांमधलं तिचं सरकणं खडबडीत होतं, वळणांवर ब्लेडची कड खोल जात नसे. तिच्या कित्येक तिहेरी उड्या बर्फाला टेकताना पाव गिरकी कमी असायच्या. अडचण एवढीच की परीक्षकाने नेमकं यासाठी गुण कापले की त्याला तिचा चेहरामोहराच ‘कलात्मक’ वाटला नाही, हे शोधायला काहीच वाट नव्हती. ५.७ म्हणजे ५.७. त्याच्या पोटात काय दडलंय, ते परीक्षक जाणे.

१९९४च्या मार्चमध्ये जपानमधल्या चिबा इथे हे सगळं उफाळून आलं. नुकत्याच झालेल्या लिलेहॅमर ऑलिंपिकच्या तिन्ही पदकविजेत्या तिथे नव्हत्या, म्हणजे सुवर्णावर बोनालीचा हक्क सांगायला हरकत नव्हती. निकाल लागला पाच परीक्षक सातोच्या बाजूने, चार बोनालीच्या. बोनाली व्यासपीठावर चढायलाच तयार नव्हती. कशीबशी चढवली, गळ्यात पदक घातलं, तर तिने ते काढून टाकलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. सातो काही कमी प्रतीची नव्हती. तिच्या पावलांची सफाई आजही पाहण्यासारखी आहे. रुसवा चुकीच्या व्यक्तीच्या आनंदावर पडला, हे खरंच.

१९९६ मध्ये टाचेमागची शीर तुटली. १९९८च्या नागानो ऑलिंपिकला चोवीस वर्षांची बोनाली आली ती दुखरा पाय घेऊन. छोट्या फेरीनंतर सहावी. पदक गेल्यात जमा होतं. मग मोठ्या फेरीत तिने बंदी असलेली उलटी कोलांटउडी मारली.

ही बंदी १९७६ नंतरची. त्या वर्षी इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या टेरी कुबिकाने ती मारली आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने लगेच दार लावलं. कारणं दोन सांगत: एक, धोका, दुसरं, ती दोन्ही पायांवर उतरते. स्केटिंगची उडी एका पायावर, ब्लेडच्या एकाच कडेवर, मागे सरकत उतरली पाहिजे. बोनाली एका पायावर उतरली. नियमाचा अर्धा युक्तिवाद तिने नियम मोडूनच खोटा पाडला! शेवटी परीक्षकांकडे पाठ करून प्रेक्षकांना अभिवादन केलं. गुण कापले गेले, क्रमांक दहावा, आणि स्पर्धात्मक कारकीर्द तिथेच आटोपली. २०२४ मध्ये महासंघाने ती बंदी उठवली. त्या कोलांटउडीला स्वतंत्र गुण अजून नाहीत, पण दंडही नाही.

गुणांची पद्धत मात्र तिच्यासाठी कुणी बदलली नाही. ती बदलली २००२च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकमधल्या जोडी स्केटिंगच्या निकालावरून. फ्रेंच परीक्षक मारी-रेन ल गून्य यांच्या मताची सौदेबाजी झाल्याचा आरोप झाला आणि विजेत्या जोडीबरोबर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण द्यावं लागलं. ल गून्य यांच्यासोबत तीन वर्षांसाठी निलंबित झाले ते फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष. त्यांचं नाव दिदिए गायागे. होय, रियुनियनची कथा पुरवणारे तेच.

आता प्रत्येक उडीला ठरलेली किंमत असते, तिच्या दर्जानुसार उणे पाच ते अधिक पाच श्रेणी मिळते. आजच्या पद्धतीत बोनाली जगज्जेती झाली असती, असं तिचे चाहते सांगतात. मला शंका आहे. चित्रफीत थांबवून पाव गिरकीची तूट पकडणाऱ्या तांत्रिक मंडळाने तिच्या उड्या चांगल्याच सोलल्या असत्या. पण स्पर्धा संपल्यावर तिच्या हातात कागद आला असता: ही उडी अपुरी, इथे इतके गेले. पुढच्या मोसमात काय दुरुस्त करायचं ते कळलं असतं. नव्या पद्धतीत सुरुवातीला मात्र कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले ते झाकलेलं होतं. तो पडदा २०१६ मध्ये काढला. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगची सफाई यांचे तीन आकडे आजही माणूस डोळ्यांनी पाहूनच देतो. पडदा गेल्यामुळे निदान प्रत्येक आकड्यापुढे देणाऱ्याचं नाव लावता येतं.