विसण किती घालावे?

बाळाला न्हाऊ घालणारी आजी पाण्यात हात बुडवून म्हणते, "सोसवतंय की!" पण तिचा हात वर्षानुवर्षे चुलीपाशी वावरून निबर झालेला असतो. त्या हाताला सोसणारे पाणी तान्ह्या बाळाला सोसेलच असे नाही.

बाळाच्या आंघोळीचे पाणी ३७ ते ३८ अंश सेल्सियस, म्हणजे जवळपास आपल्या अंगाइतकेच उबदार असावे. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडीही सुमारे पाच सेकंदांत पोळते, असे अमेरिकेतील मोरित्झ व हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ साली दाखवून दिले. बाळाची कातडी तर फारच पातळ.

आता थोडा हिशेब करू. एक तांब्या उकळते पाणी १०० अंशांचे आणि विसणाचे पाणी २५ अंशांचे. दोन तांबे विसण घातले तर १०० अधिक ५०, म्हणजे १५०. त्याला एकूण तीन तांब्यांनी भागले की ५० अंश! हे बाळाच्या अंगावर घालण्याजोगे नव्हे. ३८ अंशांच्या आत यायला त्या एका तांब्याला पाच तांबे विसण लागते.

खरी गफलत होते ती ऋतू बदलल्यावर. थंडीत नळाचे पाणी १५ अंशांवर असेल तर पावणेतीन तांबे पुरतात. तोच अंदाज हाताला बसला आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले ३५ अंशांचे पाणी विसणाला घेतले, तर घंगाळातले पाणी ५२ अंशांवर जाते. तांबे तेवढेच, भांडे तेच, पण बाळ पोळते! अशा दिवसांत टाकीचे पाणी मुळातच कोमट असते. त्यात उकळते पाणी ओतण्याचे कारणच नाही. सावलीत भरून ठेवलेले पाणी विसणाला घ्यावे.

घंगाळात आधी विसण, मग कढत पाणी. आणि तेही बाळ जवळ नसताना. ओतल्यावर तळापर्यंत ढवळावे, कारण गरम पाणी वर राहते व गार खाली. मग हाताच्या पंजाने नव्हे, कोपराने पाहावे.

एवढे करूनही पोळलेच, तर ओले कपडे काढून त्या जागेवर नळाचे साधे गार पाणी २० मिनिटे सोडावे, बाकीचे अंग मात्र पांघरुणात ठेवावे. बर्फ, शाई, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये. तान्हे मूल असेल तर फोड येण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.