बढती हे बक्षीस नव्हे, नेमणूक आहे

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



गाळप हंगाम आटोपला, चाके थांबली, की कारखान्यात दोन विषय निघतात. एक मशिनरीच्या दुरुस्तीचा आणि दुसरा बढत्यांचा. कोण कायम झाला, कोण वर गेला, कोण राहून गेला, ह्याच्या गोष्टी पार देगलूरच्या बाजारापर्यंत जातात. सभासदही मोठ्या आपुलकीने सांगतात, "साहेब, आमच्या गटातला स्लिप बॉय लई गुणाचा पोरगा आहे. त्याला वर घ्या की." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु चांगल्या माणसाला वर घेतले म्हणजे काम चांगले होतेच असे नाही. पुष्कळदा त्याचे जुने कामही बिघडते आणि नवेही. असे का होते आणि त्याचा सभासदांच्या उसाशी काय संबंध आहे, हे सांगावे म्हणून हा लेख. तो कोणा एका माणसावर नाही, हे आधीच सांगतो.

पीटरसाहेबांचा नियम

लॉरेन्स पीटर हे मूळचे कॅनडातले शिक्षक. त्यांनी रेमंड हल ह्या लेखकाबरोबर १९६९ साली 'द पीटर प्रिन्सिपल' नावाचे एक पुस्तक काढले. लिहिण्याची तऱ्हा विनोदी, पण मुद्दा खरा. तो असा की, माणूस एका जागेवर चांगले काम करतो म्हणून त्याला वरची जागा मिळते. तेथेही चांगले केले की त्याच्याही वरची. असे होता होता तो अशा जागेवर पोचतो, की जेथले काम त्याला जमत नाही. मग पुढची बढती थांबते, आणि खालीही कोणी उतरवत नाही. तो तेथेच राहतो, निवृत्त होईपर्यंत.

म्हणजे जेथे काम जमत होते तेथून तो उठला आणि जेथे जमत नाही तेथे कायमचा बसला. अशी माणसे दरवर्षी थोडी थोडी साठत गेली की सगळ्या संस्थेचा गाडा त्याच लोकांच्या जिवावर चालतो, ज्यांना अजून त्यांच्या कुवतीबाहेर चढवलेले नाही.

स्लिप बॉयचा गटप्रमुख होतो तेव्हा

आपल्याच शेतकी खात्याचे पाहू. समजा, एक स्लिप बॉय आहे. लागणीची नोंद, तारीख, वाण, क्षेत्र हे सगळे त्याला तोंडपाठ. कोणाच्या बोअरचे पाणी मार्चमध्ये आटते, कोणाच्या रानात ट्रक जात नाही, बैलगाडीच लागते, हेही तो जाणतो. देगलूरचा भाग सीमेवरचा. एखाद्या गावात तेलुगू बोलावे लागते, एखाद्या गावात कन्नड. तेही त्याला येते. सभासद त्याच्यावर खूश, वरिष्ठही खूश. आठ-दहा हंगाम झाले की त्याला गटप्रमुख करतात.

आता त्याचे काम पार बदलले. टोळ्या आणि वाहने वाटायची. दहा स्लिप बॉयकडून काम करून घ्यायचे. कार्यक्रम कागदावर बसवायचा. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, ओळखीच्या, नात्यातल्या, वजनदार माणसाला तोंडावर सांगायचे, "तुमचा नंबर अजून आला नाही." फडात फिरणाऱ्या गुणी पोराला हे जमेलच, असे कोणी तपासून पाहिलेले नसते.

काहींना ते उत्तम जमते. ज्याला जमत नाही तो काय करतो? तो आपले जुनेच काम करीत राहतो. दिवसभर फडात फिरतो, स्लिप बॉयच्या हातातली चिठ्ठी घेऊन स्वतः लिहितो, आणि वाटपाचा कागद मात्र कोराच राहतो. मग ज्याचा आवाज मोठा त्याचा ऊस आधी तुटतो. गरीब, न बोलणारा सभासद वाट पाहत बसतो. त्याच्या उसाला तुरा येतो, उन्हाने पोकळी पडते, वजन घटते. नोंद वेळेवर, लागण वेळेवर, पण तोड एप्रिलात! ह्या सभासदाचे नुकसान कोणी बेइमानी केली म्हणून झालेले नाही. एका प्रामाणिक माणसाला चुकीच्या खुर्चीत बसवले म्हणून झाले. आणि त्याच्या जागी जो नवा पोरगा आला, त्याला अजून बांध कोणाचा हेही ठाऊक नाही.

कारखान्याच्या आतही तीच गोष्ट. पॅनवरचा जाणता कामगार थेंबभर माल काचेच्या पट्टीवर घेतो, उजेडात धरतो आणि दाणा कसा बांधला जातोय ते सांगतो. ही नजर पुस्तकातून येत नाही. तिला वर्षे लागतात. त्याच्या कामाचे चीज म्हणून त्याला पॅनवरून काढून पाळ्यांचे तक्ते, रजेचे अर्ज आणि भांडणे सोडवायला बसवले, तर एक पारखी नजर आपण स्वतःच्या हाताने गमावली. हिशेब करून पाहा. हंगामात समजा ३ लाख टन गाळप झाले आणि साखर उतारा नुसता ०.१ टक्क्याने घसरला, तर ३ हजार क्विंटल साखर कमी झाली. उतारा घसरण्याला कारणे अनेक असतात. पण हाताखालचा अनुभव जागेवर नसणे हे त्यांतले एक आहे.

बेण्याचा ऊस आणि गाळपाचा ऊस

शेतकऱ्याला ही गोष्ट मुळात नवी नाही. गाळपाला पक्व ऊस लागतो. जितकी साखर भरलेली, तितका चांगला. परंतु बेण्यासाठी आपण ९ ते ११ महिन्यांचा, कोवळा, रसरशीत ऊस घ्या म्हणून सांगतो. जून उसाचे डोळे उशिरा फुटतात, उगवण विरळ होते. "हा ऊस फडात सगळ्यांत भारी आहे, ह्याचेच बेणे धरू," असे म्हणून पक्व ऊस लावणारा शेतकरी पुढे नांग्या भरीत बसतो. त्या उसात खोट नव्हती. एका कामाची परीक्षा दुसऱ्या कामाला लावली गेली. माणसांच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो.

अमेरिकेतील तीन अभ्यासकांनी १३१ कंपन्यांतील विक्री विभागांची माहिती तपासली. त्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, जो सगळ्यांत जास्त माल विकतो त्याला साहेब होण्याची संधी जास्त मिळते. पण असे झालेले साहेब आपल्या हाताखालच्या लोकांकडून काम करून घेण्यात मागे पडतात. जे आधीपासून इतरांच्या बरोबरीने मिळून विक्री करीत होते, ते साहेब म्हणून बरे निघाले.

चूक कोठे होते

चूक तीन ठिकाणी होते. पहिली म्हणजे, माणसाचे झालेले काम पाहतात, पुढे पडणारे काम पाहत नाहीत. दुसरी, पगार आणि मान पदाला बांधलेले असतात. पॅनवाल्याला दोन पैसे जास्त द्यायचे तर त्याला पॅनवरून उठवण्यावाचून मार्ग नाही. मग तो तरी बढती का नाकारील? त्याच्या घरी लेकीचे लग्न आहे, पोराचे शिक्षण आहे. तिसरी आणि सर्वांत वाईट म्हणजे, परतीची वाट नसते. वर गेलेला माणूस खाली आला की गाव म्हणते, "ह्याला उतरवला." ते ऐकण्यापेक्षा न जमणारे काम आयुष्यभर रेटणे त्याला बरे वाटते. त्यात चिठ्ठी आणि वशिला आला की बोलायलाच नको. पण ध्यानात घ्या, वशिला मुळीच नसला, ज्येष्ठतेची यादी अगदी चोख असली, तरी वरच्या तिन्ही चुका होतातच.

दोन मोठी उदाहरणे

परत येण्यात कमीपणा नसतो, ह्याचे उदाहरण सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. सचिन तेंडुलकर हे संघातले सर्वांत मोठे फलंदाज, म्हणून १९९६ मध्ये त्यांना कर्णधार केले. पुढे १९९९ मध्ये पुन्हा केले. त्यांच्या हाताखाली भारत २५ कसोटी सामने खेळला. त्यांत ४ जिंकले, ९ हरले, १२ अनिर्णित राहिले. २००० साली त्यांनी कर्णधारपद सोडले आणि नुसता फलंदाज म्हणून पुढे १३ वर्षे खेळले. २००७ मध्ये ते पद पुन्हा चालून आले, तेव्हा त्यांनी महेंद्रसिंग धोनी यांचे नाव पुढे केले. २०११ साली वानखेडेवर विश्वचषक उचलला तो धोनींच्या नेतृत्वाखाली. आणि त्या स्पर्धेत भारताकडून सर्वांत जास्त धावा तेंडुलकरांच्या होत्या. त्यांना कोणी 'उतरवलेला माणूस' म्हणाले काय?

दुसरे उदाहरण आपल्या सहकाराचेच. लोणीचा प्रवरा कारखाना उभा करण्यासाठी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवणारे विठ्ठलराव विखे पाटील. कारखान्याचे गाळप १९५० साली सुरू झाले. कारखाना त्यांच्या कष्टातून उभा राहिला, तेव्हा अध्यक्षपद बक्षीस म्हणून त्यांनाच मिळाले असते तर कोणी बोट ठेवले नसते. परंतु अध्यक्ष झाले ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ, आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष राहिले. सरकार, कर्ज, कायदा, हिशेब ही बाजू अर्थशास्त्रज्ञाने पाहावी आणि शेतकऱ्यांचा विश्वास विठ्ठलरावांनी सांभाळावा, अशी ती जोडी होती. सुरुवातीची सुमारे दहा वर्षे ही रचना टिकली, आणि विठ्ठलरावांचा मान त्यामुळे तसूभरही कमी झाला नाही. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

काय करता येईल

नुसती तक्रार करून उपयोग नाही, म्हणून चार सूचना मांडतो.

१) पगार आणि पद वेगळे करावे. राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १९९४ पासून कालबद्ध पदोन्नती आणि २००१ पासून आश्वासित प्रगती योजना आणली. वरची जागा रिकामी नसली तरी १२ वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी द्यायची, असे तिचे मूळ स्वरूप. माणूस कुंठित होऊ नये हा तिचा हेतू. ह्याच वाटेने उत्तम स्लिप बॉयला, उत्तम पॅनवाल्याला, उत्तम फिटरला त्याच्या जागेवरच वरचा पगार आणि मान देता येईल.

२) बढतीपूर्वी एक हंगाम प्रभारी म्हणून काम द्यावे. हंगामानंतर जमले नाही असे दिसले तर जुन्या जागी परत येणे ही शिक्षा समजली जाणार नाही, हे आदेशातच लिहावे.

३) आधी शिक्षण, मग खुर्ची. बिगर-हंगामात वेळ असतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी संस्था १९७५ पासून उभी आहे. माणसे हाताळणे हेही शिकण्याचेच काम आहे.

४) निवड करताना पुढील काम पाहावे. जो आजच नव्या पोराला शिकवतो, दोघांचे भांडण मिटवतो, आणि गोड बोलून पण ठामपणे नाही म्हणतो, तो गटप्रमुख होण्याजोगा. मग त्याच्या नोंदी दुसऱ्यापेक्षा चार कमी असल्या तरी चालेल.

सभासदांनाही एक विनंती आहे. गुणी माणसाची शिफारस जरूर करा, पण ती अशी करा: "हा चांगला आहे, ह्याला इथेच ठेवा आणि ह्याचा पगार वाढवा." वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या दराचा प्रश्न विचारताच, आणि तो विचारलाच पाहिजे. त्याच्या जोडीने आणखी एक विचारा, की तोडीचा कार्यक्रम बसवणारा माणूस त्या जागेवर कशावरून निवडला? आणि एखादा कामगार स्वतःहून म्हणाला, "मला माझे पॅनच बरे," तर त्याला हसू नका. घरी मुलीसाठी स्थळ पाहताना "पोरगा साहेब झालाय का?" एवढेच न विचारता, "पोराच्या हातात काम काय आहे?" हेही विचारा.

येत्या हंगामाच्या लागणीच्या नोंदी सुरू आहेत. आपल्या गटाच्या स्लिप बॉयकडे तारीख, वाण आणि क्षेत्र वेळेवर नोंदवून पावती घ्यावी, ही विनंती.