लाखाचा लॅपटॉप आणि शिक्रापूरचा मे महिना

गेले काही दिवस इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "दादा, लाख-सव्वा लाखाचं बजेट आहे. मॅकबुक एअर घेऊ की विंडोजवालं एखादं भारी मशीन?" आजचा एपिसोड त्यावरच आहे. गाडीवर असाल तर ऐका, निवांत असाल तर हा लिखित भाग वाचा. आकडे वाचायला बरे पडतात.

तुलनेला दोन मशीन घेतलीत. पहिलं अ‍ॅपलचं मॅकबुक एअर, १३ इंची, एम४ चिपवालं, मार्च २०२५ मध्ये आलेलं. दुसरं आसुसचं झेनबुक एस १४, इंटेलच्या कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही चिपवालं, २०२४ च्या सप्टेंबरमधलं. दोन्ही साधारण १.२ किलोची, दोन्ही वहीसारखी पातळ. आणि दोन्हींचे रिव्ह्यू यूट्यूबवर ढिगाने सापडतील.

अडचण अशी की ते रिव्ह्यू बहुतेक एसी लावलेल्या खोलीत होतात. मी आठवड्यातले दोन दिवस खराडीला जातो, बाकीचे दिवस शिक्रापूरला घरून काम करतो, वरच्या मजल्यावर. मे महिन्यात दिवसा पारा चाळिशीला टेकतो आणि तापलेला स्लॅब संध्याकाळी सातलाही गरम असतो. म्हणून माझा क्रम वेगळा आहे. लोक आधी डिझाइन बघतात, मग डिस्प्ले, मग किंमत, आणि घरी आणल्यावर हीट. मी म्हणतो, हीट आधी बघा.

हीट: बशीतला चहा

मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एम१ चिप आली तेव्हा अ‍ॅपलने एअरमधून पंखा काढला, तो परत घातला नाही. झेनबुकमध्ये पंखा आहे, आणि कीबोर्डच्या वरच्या बाजूला हवेसाठी बारीक भोकांची जाळी आहे.

फरक समजायला चहा घ्या. गरम चहा बशीत ओतला की पसरतो आणि निवतो. एअरचं तसंच आहे: चिपची उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीभर पसरते आणि तिथून हवेत जाते. झेनबुक त्या बशीवर फुंकरही मारतं. आता हाच चहा जानेवारीच्या सकाळी प्या आणि मेच्या दुपारी प्या. मेमध्ये बशीतला चहा लवकर निवत नाही, कारण भोवतालची हवाच गरम असते.

थोडं गणित करू. उष्णता किती वेगाने बाहेर जाणार, हे गरम वस्तू आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. लॅपटॉपची बॉडी ४५ अंशांपर्यंत हाताला कशीबशी सहन होते असं धरू. खोली २५ अंशांवर असेल तर फरक २० अंशांचा. खोली ४० अंशांवर असेल तर फरक फक्त ५ अंशांचा. म्हणजे तीच बॉडी, तेवढीच गरम राहून, साधारण चौथाईच उष्णता बाहेर टाकणार. मग दोनच रस्ते उरतात: बॉडी आणखी तापू द्यायची, नाहीतर चिपने वेग कमी करायचा. या दुसऱ्या प्रकाराला थ्रॉटलिंग म्हणतात.

पंखेवाल्या मशीनमध्ये उष्णता आतल्या धातूच्या पात्यांवरून जाते. तिथे आपला हात लागत नाही, त्यामुळे ती पाती ८० अंशांवर गेली तरी चालतं. हवा ४० ची असली तरी फरक ४० अंश उरतोच. म्हणून पंखेवाल्याला उन्हाळ्याचा फटका कमी बसतो.

पण लगेच "मग पंखेवालंच घ्या" असं मी म्हणणार नाही. दोन कारणं आहेत.

एक, एम४ मुळातच जोरदार चिप आहे. लांबलचक कामात ती मंदावते, पण मंदावलेली एम४ सुद्धा अनेक कामांत २५८व्हीच्या मागे पडत नाही. आणि आपलं बरंचसं काम छोट्या धावांचं असतं: पेज उघडलं, कोड कंपाइल केला, मिनिटभरात संपलं. तेवढ्यात बॉडी तापतही नाही.

दोन, धूळ. चाकण-शिक्रापूर रोडला ज्यांचं घर आहे त्यांना सांगायला नको. दिवसभर कंटेनर आणि ट्रक चालतात, सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पांढरं. पंखा हवा ओढतो म्हणजे धूळही ओढतो. वर्ष-दीड वर्षाने आतून साफ करून घ्यावं लागतं, नाहीतर ती जाळी चोंदते आणि पंख्याचा फायदा जातो. बिनपंख्याच्या मशीनला ही कटकटच नाही.

आणखी एक गोष्ट स्पेसिफिकेशनच्या तळाशी लिहिलेली असते, कुणी वाचत नाही. एअर वापरण्यासाठी अ‍ॅपलने सांगितलेलं हवेचं तापमान आहे १० ते ३५ अंश. बंद करून ठेवायची कमाल मर्यादा ४५ अंश. आपल्याकडे एप्रिल-मेची दुपार पहिली मर्यादा ओलांडते, आणि चाकण चौकात उन्हात उभी केलेली बंद कार दुसरी. मशीन कुठलंही असो, बॅग गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते.

डिस्प्ले

इथे झेनबुक पुढे आहे. १४ इंची ओएलईडी, २८८० बाय १८०० पिक्सेल, १२० हर्ट्झ. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे काळा म्हणजे खरंच काळा. रात्री सिनेमा बघताना फरक चटकन कळतो. स्क्रोल करतानाही १२० हर्ट्झ लोण्यासारखं वाटतं.

एअरचा डिस्प्ले १३.६ इंची एलसीडी आहे: २५६० बाय १६६४ पिक्सेल, ६० हर्ट्झ, ५०० निट्स. रोजच्या कामात झेनबुकचा ब्राइटनेस ४०० निट्सच्या आसपास असतो. म्हणजे दिवसा खिडकीजवळ किंवा ओट्यावर बसून काम करणाऱ्याला एअर थोडं सोपं जातं. दोन्ही स्क्रीन चकचकीत आहेत, मागचा पत्रा आणि ऊन त्यात दिसतंच.

ओएलईडीचं एक पथ्य आहे. एकच चित्र तासनतास जागेवर राहिलं तर काही वर्षांनी त्याचा पुसट डाग उरू शकतो. दिवसभर कोड एडिटर उघडा ठेवणाऱ्यांनी डार्क मोड लावावा आणि टास्कबार आपोआप लपेल असं सेटिंग करावं. डार्क मोडमध्ये ओएलईडी वीजही कमी खातो.

डिझाइन

२००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने पहिलं मॅकबुक एअर कागदी पाकिटातून काढून दाखवलं. तेव्हापासून सगळ्यांची शर्यत पातळपणाची आहे. आजचं एअर ११.३ मिलीमीटर जाड आहे, झेनबुक १२ मिलीमीटरच्या आसपास. हा फरक हाताला कळत नाही.

कळतो तो पोर्टचा. झेनबुकला दोन थंडरबोल्ट, एक जुना चौकोनी यूएसबी आणि एचडीएमआय आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टरला वायर सरळ लागते, मित्राचा पेनड्राइव्हही. एअरला दोन थंडरबोल्ट आणि चार्जिंगचा मॅगसेफ. बाकीसाठी हब घ्यावा लागतो. पण मॅगसेफ चुंबकाने चिकटतो. घरात कुणाचा पाय वायरीत अडकला तर वायर सुटते, मशीन खाली येत नाही. लहान पोरं असलेल्या घरात याची किंमत कळते.

बॅटरी एअरची ५३.८ वॉट-अवर, झेनबुकची ७२. एअरची चिप कमी खाते, त्यामुळे हलक्या कामात दोन्ही दिवस काढतात. गुरुवारी मेंटेनन्सला लाइट गेली तरी चिंता नाही. वायफायच्या राउटरचं मात्र बघा.

किंमत: सारखं-सारखं तोला

लॉन्चची किंमत बघितली तर एअर ९९,९०० रुपये आणि झेनबुक १,४२,९९०. वाटतं, ४३ हजारांचा फरक! पण ९९,९०० च्या एअरमध्ये १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज. झेनबुकमध्ये ३२ जीबी आणि १ टीबी. एअर २४ जीबी आणि ५१२ जीबीमध्ये घेतलं की किंमत १,३९,९००. आता फरक ३,०९० रुपयांचा, आणि तरी झेनबुकमध्येच जास्त माल. आता ऑफर आणि नवीन मॉडेलमुळे आकडे हलले असतील, पण तोलायची पद्धत हीच.

दोन्हींमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, ती चिपसोबतच बसवलेली असते. झेनबुकचा एसएसडी बदलता येतो, एअरचा नाही. एअर घेणाऱ्याने रॅमवर पैसे घालावेत आणि फोटो-व्हिडिओसाठी बाहेरचा एसएसडी घ्यावा.

माझा मामेभाऊ कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मामांनी कांद्याच्या पट्टीतून पैसे बाजूला काढले आणि मला एकच विचारलं, "पाच वर्षं चालेल का रे?" हा प्रश्न कुठल्याही बेंचमार्कपेक्षा मोठा आहे. त्याचं काम कोडिंग आणि कॉलेज प्रोजेक्ट, घर रोडला लागून, धूळ भरपूर. विद्यार्थ्यांसाठी एअरची लॉन्चची किंमत ८९,९०० होती. मी त्याला १६ जीबीचं एअर सांगितलं आणि उरलेल्या पैशांत बाहेरचा एसएसडी. तो मेकॅनिकलला असता तर उत्तर उलटं असतं, कारण सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं.

तर घ्यायचं काय?

काम छोट्या धावांचं आणि घरात धूळ असेल तर एअर. सिनेमा, प्रोजेक्टर, विंडोजचं सॉफ्टवेअर किंवा जास्त रॅम हवी असेल तर झेनबुक. रोज अर्धा-अर्धा तास व्हिडिओ एक्सपोर्ट करणार असाल, किंवा मोठे बिल्ड लावून ठेवणार असाल, तर या दोन्हींच्या पातळपणावर भाळू नका. पंखेवालं १४ इंची मॅकबुक प्रो बघा, एम४ मध्ये ते १,६९,९०० ला आलं होतं. नाहीतर विंडोजमधलं थोडं जाड मशीन बघा, ते स्वस्तही पडेल.

आणि रिव्ह्यू बघताना दोनच गोष्टी तपासा: टेस्ट किमान वीस मिनिटं सलग चालवली का, आणि खोलीचं तापमान सांगितलं का. सांगितलं नसेल तर ती टेस्ट एसीतली समजा आणि आपल्या हिशोबात मे महिना मिळवा.

तुमच्या गावाला, तुमच्या खोलीत कुठलं मशीन कसं चालतंय, व्हॉइस नोट पाठवा. तापमान सांगायला विसरू नका. पुढच्या एपिसोडमध्ये सेकंडहँड लॅपटॉप घेताना काय तपासायचं ते बघू. चला, भेटू!