खेळांची दिवाळी आणि शेअरांचा हंगाम

१९९६ साली मुंबईचा फळबाजार क्रॉफर्ड मार्केटातून उठून नव्या मुंबईत तुर्भ्याला आला, तेव्हा आमच्या शेठजींच्या गाळ्याबरोबर मीही आलो. पुढची सत्तावीस वर्षे मी त्या गाळ्यावर दिवाणजी होतो. हापूसच्या दिवसांत पहाटे चार वाजता फाटकाबाहेरच्या ट्रकांची रांग मोजायची आणि त्यावरून दुपारी पेटीचा भाव काय निघेल ते सांगायचे, एवढीच माझी विद्या. पण ती बाजारात चालत असे. हे आत्मचरित्र सांगण्याचे कारण एवढेच, की २०२५ सालच्या दिवाळीपूर्वी ही विद्या मला भलत्याच ठिकाणी वापरावी लागली.

झाले असे, की शेठजींनी निवृत्तीच्या वेळी दिलेल्या तीन लाखांच्या ठेवीची मुदत जुलैत संपली. आमचा पुतण्या ऐरोलीला एका कचेरीत संगणकाचे काम करतो. मुलगा हुशार, कष्टाळू, पण बोलण्यात जरा घाईचा. तो त्या रविवारी आला आणि म्हणाला, "काका, ठेवीच्या व्याजावर किती दिवस काढणार? व्हिडिओ गेमच्या धंद्यात पैसे घाला. दिवाळी आणि नाताळ म्हणजे त्यांचा हंगाम. दुकानांतून नुसती झुंबड असते. आताच शेअर घेऊन ठेवा, लक्ष्मीपूजनाला बघा भाव!"

हंगाम हा शब्द त्याने उच्चारला आणि मी फसलो. दुसऱ्या कशाने मी बधलो नसतो.

शेअर घ्यायचा तर आधी माल पाहावा, म्हणून मी वाशी स्टेशनालगतच्या मॉलांतून हिंडू लागलो. पहिल्या दिवशी एका दुकानात तासभर बसलो. मुले येत होती, मोठमोठ्या पडद्यांसमोर उभी राहून मोटारी पळवत होती आणि निघून जात होती. दुकानदार भला माणूस. खोकी उतरवता उतरवता तो मला म्हणाला, "काका, यंत्रावर आम्हाला काही सुटत नाही हो. सुटते ते हाताच्या कंट्रोलरवर, हेडफोनवर, खुर्चीवर. खेळाच्या तबकड्या पूर्वी भिंतभर असायच्या. आता पोरे घरबसल्या इंटरनेटवरून खेळ उतरवून घेतात. आमच्या गल्ल्यात त्यातले काही येत नाही."

मी चमकलो. म्हणजे गर्दी इथे आणि पैसा दुसरीकडेच! घरी येऊन पुतण्याकडून सगळे समजावून घेतले. प्लेस्टेशनसारखे यंत्र कंपनी अगदी बेताच्या नफ्यावर विकते, आरंभीच्या काळात कधी तोट्यातही. पुढे तेच यंत्र घरात बसून वर्षानुवर्षे खेळ, वर्गणी आणि खेळाच्या आतल्या चीजवस्तू विकत राहते. यंत्राच्या दुकानातून उतरवलेला प्रत्येक खेळ, मग तो कोणी का बनवलेला असेना, यंत्रवाल्या कंपनीला सुमारे तीस टक्के दलाली देऊन जातो. तीस टक्के! आमच्या बाजारातल्या एखाद्या आडत्याने एवढी अडत मागितली असती, तर शेतकऱ्याने त्याला पेटीतच बांधून रत्नागिरीला नेला असता.

हंगाम मात्र खोटा नाही. सोनी कंपनीचे तिमाही आकडे पुतण्याने मला छापून आणून दिले. २०२४ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत प्लेस्टेशन ५ ची यंत्रे खपली २४ लाख, आणि त्याच वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरात ९५ लाख. चौपट! हापूसची मार्चमधली आणि मेमधली आवक आठवा म्हणजे हा उतारचढाव ध्यानात येईल. पण आमच्या धंद्यात दीडशहाण्यालासुद्धा ठाऊक असते की मे महिन्यात आंबा येणारच. जे सर्वांना ठाऊक असते ते भावात आधीच बसलेले असते. भाव हलतो तो अंदाज चुकला म्हणजे.

याचा दाखला त्याच कागदांत सापडला. २०२३ च्या ऑक्टोबर-डिसेंबरात सोनीने ८२ लाख यंत्रे विकली. या यंत्राचा तोवरचा तो सर्वांत मोठा तिमाही खप होता. पुतण्याच्या हिशेबाने शेअर आकाशाला भिडायला हवा. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२४ मध्ये हे आकडे बाहेर आले आणि शेअर कोसळला. कारण कंपनीने वर्षभरात अडीच कोटी यंत्रे विकू म्हणून सांगितले होते, आणि त्याच दिवशी तो अंदाज २ कोटी १० लाखांवर आणला. दुकानात दिवाळी आणि बाजारात शिमगा, तोही एकाच दिवशी.

याहून भारी गोष्ट १९८२ सालच्या नाताळची आहे. ती वाचली त्या रात्री मला झोप आली नाही, कारण तीत मला आमचा बाजार दिसला. अमेरिकेत अटारी नावाची कंपनी व्हिडिओ गेमच्या धंद्यात सम्राट होती. तिची मालक वॉर्नर कम्युनिकेशन्स. त्या वर्षी जूनमध्ये स्पीलबर्गचा 'ई.टी.' हा बोलपट लागला आणि अफाट चालला. अटारीने त्यावर खेळ काढायचे हक्क मोठी रक्कम मोजून घेतले. पण सौदा ठरेपर्यंत जुलै सरत आला होता, आणि खेळ तर नाताळला दुकानात हवा! हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ नावाच्या एका तरुणाने तो सुमारे पाच आठवड्यांत लिहून दिला. कंपनीने काडतुसे काढली ती लक्षावधी. नाताळ म्हणजे खपणारच, हा हिशेब.

खेळ पोरांना आवडला नाही. दुकानदारांनी माल घेतला होता, पण परतीच्या बोलीवर. नाताळ उलटायच्याही आधी, डिसेंबरच्या पहिल्याच पंधरवड्यात, वॉर्नरने जाहीर केले की कमाई अपेक्षेपेक्षा बरीच कमी होणार. शेअर एका दिवसात सुमारे एक तृतीयांशाने खाली आला. पुढच्या सप्टेंबरात न खपलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या उकिरड्यात पुरला. कित्येक वर्षे लोक ही थाप समजत. २०१४ साली खणले तेव्हा काडतुसे खरोखरीच निघाली.

गाळ्यातून गेलेली पेटी म्हणजे विकलेली पेटी नव्हे, हे मी पोरवयात शिकलो होतो. किरकोळ व्यापाऱ्याने उचलली, त्याच्या टोपलीत ती सडली, की आठ दिवसांनी ओरड आपल्याच दारात येते. कंपन्यांच्या अहवालात अमुक इतका माल विकला असे छापतात तेव्हा तो बहुधा दुकानदाराला विकलेला असतो. तुमच्या-आमच्या घरी पोचलेला निराळा मोजावा लागतो. पैसे घालणाऱ्याने दुकानात शिरणारी गर्दी पाहू नये असे नाही. पण मागच्या दाराने वखारीत किती माल पडून आहे तेही विचारावे.

आता आपल्या दिवाळीकडे येतो. या बाबतीत आपल्या पंचांगाचा एक चकवा आहे, आणि तो इंग्रजी वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. नाताळ पंचवीस डिसेंबर सोडत नाही. आपली दिवाळी हलते. २०२३ साली अधिक श्रावण आला, सगळे सण लांबले, आणि घटस्थापना १५ ऑक्टोबरला झाली. २०२४ साली ती ३ ऑक्टोबरला, आणि २०२५ साली २२ सप्टेंबरला. सणाची खरेदी घटस्थापनेपासून सुरू होते. म्हणजे २०२५ सालच्या हंगामाचा पहिला बहर सप्टेंबरच्या तिमाहीत गेला, तर २०२३ चा सगळाच्या सगळा डिसेंबरच्या तिमाहीत. हे न पाहता कोणी दोन वर्षांच्या तिमाह्या शेजारी ठेवून 'विक्री वाढली' किंवा 'घटली' म्हणून ओरडू लागला, तर त्याला खुशाल दाते पंचांग भेट द्यावे. भरीस भर म्हणजे त्याच २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. गेमच्या यंत्रावर तो २०१९ च्या जानेवारीपासूनच १८ होता. पण टीव्ही घ्यायला गेलेला बाप पोराच्या हट्टापायी यंत्रही घेऊन आला तर नवल नाही.

आणि माल तरी वेळेवर येतो कुठे! यंत्रे परदेशातून यायची. प्लेस्टेशन ५ जगात निघाले नोव्हेंबर २०२० मध्ये. आपले लक्ष्मीपूजन होते १४ नोव्हेंबरला. एक्सबॉक्सचे नवे यंत्र चार दिवस आधी येऊन पोचले. प्लेस्टेशन आपल्याकडे उगवले २ फेब्रुवारी २०२१ ला. दिवाळीचा पाहुणा संक्रांतीचे हळदीकुंकू चालू असताना आला! पुढेही बरेच दिवस चिपांच्या टंचाईमुळे जगभर मागणी होती आणि यंत्रे नव्हती.

पण खरी गंमत पुढेच आहे. वाशीहून पनवेलच्या गाडीत बसा आणि डबाभर नजर टाका. दहातली सहा पोरे मोबाइलवर काहीतरी खेळत असतात. ज्या घणसोलीत रिलायन्सचा तो विस्तीर्ण परिसर आहे, तिथल्याच जिओने सप्टेंबर २०१६ पासून इंटरनेट स्वस्त केले, आणि आपला देश यंत्र न घेताच खेळू लागला. हे खेळ बहुतेक फुकट. शेकड्यांनी खेळतात, पैसे देणारे चारदोन. यांना हंगाम कसला? यांचा हंगाम सरकारी गॅझेटात असतो. २०२० च्या २ सप्टेंबरला पबजी मोबाइलवर बंदी आली. दिवाळी अवघ्या अडीच महिन्यांवर होती, पण दिवाळीचा मुहूर्त पाहून कायदा थांबत नाही.

मग पुतण्या म्हणतो तो शेअर घ्यायचा कुणाचा? सोनी आणि निन्टेन्डो टोकियोच्या बाजारात. आपल्याकडे नाव घेण्याजोगी म्हणजे मुंबईची नझारा टेक्नॉलॉजीज. मार्च २०२१ मध्ये तिचा शेअर ११०१ रुपयांना निघाला, राकेश झुनझुनवाला आधीपासून भागीदार असल्याचा बोलबाला होता, विक्रीला होते त्याच्या सुमारे पावणेदोनशे पट अर्ज आले, आणि पहिल्या दिवशी राष्ट्रीय शेअर बाजारात तो १९९० ला उघडला. पण शेअर निघाला तेव्हा या कंपनीच्या कमाईत मोठा वाटा कशाचा होता, तर 'किडोपिया' नावाच्या बालखेळांच्या वर्गणीचा; आणि वर्गणीदार मुख्यतः अमेरिकेतले आईबाप! वाशीच्या मॉलमध्ये मी मोजलेली डोकी या कंपनीच्या जमाखर्चात कुठेच बसत नव्हती. मी दोन रविवार फुकट उभा राहिलो होतो.

त्यातच ऑगस्ट उजाडला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ला राष्ट्रपतींची सहीही झाली. नझाराने पोकरबाझी या पत्त्यांच्या खेळाच्या कंपनीत सुमारे शेहेचाळीस टक्के भाग घेतलेला होता; तिचा शेअर घसरला. त्याआधी जुलै २०२३ मध्ये लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर ठरला, तेव्हा गोव्याच्या कॅसिनोवाल्या डेल्टा कॉर्पचा शेअर एका दिवसात वीस टक्क्यांहून अधिक पडला होता. ऑगस्टनंतर तर भारताचा क्रिकेट संघ आशिया चषकात छातीवर प्रायोजकाचे नावच नसलेले सदरे घालून उतरला, कारण तिथे ज्या खेळ-कंपनीचे नाव होते तिचा पैशांचा व्यवहारच थांबला होता.

त्या आठवड्यात पुतण्या रात्री जेवायला आला. एरवी पोळीला हात लावायच्या आधी तोंड सुरू व्हायचे. त्या दिवशी मुकाट जेवला. आमच्या सौभाग्यवतींनी आमटी दुसऱ्यांदा वाढली तरी त्याला कळले नाही. त्याने कोणते शेअर घेतले होते, कितीचे, हे मी विचारले नाही. हात धुताना तो एवढेच म्हणाला, "काका, तुम्ही थांबलात ते बरे झाले." मी थांबलो होतो ते शहाणपणाने नव्हे, ट्रकच मोजता येईनात म्हणून. तसे मी त्याला सांगितलेही.

तीन लाखांतले अडीच पुन्हा बँकेत गेले. ५० हजार मी हाताशी ठेवले.

२०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. मुंबई शेअर बाजारात १९५७ पासून त्या दिवशी मुहूर्ताचे सौदे होतात. एरवी संध्याकाळी, पण त्या वर्षी दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. आम्ही जेवून बसलो होतो. पुतण्या मोबाइल हातात घेऊन माझ्याकडे पाहत होता. मी नवी लाल चोपडी उघडली, वर 'श्री' काढला, आणि खाली पहिली नोंद केली: 'व्हिडिओ गेम यंत्र, नग १, नातवाकरिता.' त्या भल्या दुकानदाराकडूनच आणले होते. कंट्रोलर एक जास्त घेतला, त्याला काही सुटावे म्हणून.

पुतण्या वाकून पाहत म्हणाला, "काका, हे गुंतवणुकीत लिहिताय की खर्चात?"

"खर्चात."

नातवाने तोवर यंत्र टीव्हीला जोडले होते. पडद्यावर अक्षरे आली, की खेळायच्या आधी यंत्राला इंटरनेटवरून काहीतरी उतरवून घ्यायचे आहे, आणि त्याला एक तास चाळीस मिनिटे लागतील. मुहूर्ताचा तास त्यातच संपला. आम्ही तिघे ती पुढे सरकणारी निळी रेघ पाहत चकल्या खात बसलो.