दोष रबराचा, बदनामी चुंबकाची

कल्याण-डोंबिवलीत पारा चाळिशीला टेकला की फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांना उसंत नसते. दार घट्ट लागत नाही, खाली पाणी साचतं, कॉम्प्रेसर थांबतच नाही. निदान घरच्या घरी झालेलं असतं : ‘उन्हाळ्यानं मॅग्नेट गेला.’

मॅग्नेट बहुधा जागेवरच असतो. दाराच्या कडेचं जुनं गॅस्केट ब्लेडनं उभं चिरून बघा. आपण ज्याला रबर म्हणतो ते बरेचदा मऊ केलेलं पीव्हीसी असतं आणि त्याच्या पोकळीत काळपट, अरुंद पट्टी सरकवलेली असते. स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम फेराइटची पूड लवचीक पॉलिमरमध्ये मळून ती काढलेली असते. पट्टीचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून आडवे सरकवले की हाताला टकटक गचके बसतात, कारण एकाच पृष्ठावर उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटूनपालटून कोरलेले असतात. वरून लेथच्या दुकानातला लोखंडाचा बारीक कीस भुरभुरला तर त्यांचे पट्टे डोळ्यांना दिसतात.

असे जवळजवळ ध्रुव असले की ओढ अगदी लगत जबरदस्त, पण दोन-तीन मिलिमीटरवर जवळपास संपलेली. दुखणं इथंच आहे. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं झिरपत जातं, गॅस्केट कडक होऊन वाकतं, फट पडते आणि पट्टीचा हात पत्र्यापर्यंत पोचत नाही. म्हणूनच जाणता कारागीर आधी हेअर ड्रायर लावून गॅस्केट सरळ करून पाहतो. थेट ‘मॅग्नेट बदलावा लागेल’ म्हणणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत.

पण उष्णतेचा चुंबकावर परिणाम होतोच. चुंबकाच्या आत अणूंची सूक्ष्म चुंबकं एका शिस्तीत उभी असतात. तापमान वाढेल तशी ती डगमगू लागतात आणि एका ठरावीक अंशाला शिस्त पार मोडते. पिएर क्यूरी यांनी १८९५च्या आपल्या प्रबंधात याचा पद्धतशीर अभ्यास मांडला, म्हणून त्या अंशाला क्यूरी तापमान म्हणतात. लोखंडाचं ७७०, फेराइटचं सुमारे ४५० अंश सेल्सिअस. तिथवर पोचण्याच्या खूप आधी आपल्या पट्टीचा कोळसा होईल. (पीव्हीसी जाळून हा प्रयोग करू नये. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, आणि रसायनांचे वास ओळखायला डोंबिवलीकरांना आणखी शिकवणीची गरज नाही.)

त्याखालची घट मात्र रोजची आहे. घोडबंदर रोडला उन्हात उभ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर ‘एल’ची रबरी चुंबकीय पाटी आहे असं धरा. पत्रा २५ वरून ६५ अंशांवर गेला. फेराइटचं चुंबकत्व दर अंशाला साधारण ०.२ टक्के उतरतं, म्हणजे ८ टक्के घट. चिकटण्याचं बल चुंबकत्वाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, त्यामुळे पकड जवळपास १५ टक्क्यांनी ढिली. संध्याकाळी पत्रा निवला की हे सगळं परत मिळतं. परत मिळत नाही तो पाटीचा सपाटपणा : कडा वळल्या की त्या वळलेल्याच राहतात.

फेराइटची एक खोड तर सरळ उफराटी आहे. विरुद्ध क्षेत्रापुढे टिकून राहण्याची त्याची ताकद उष्णतेनं वाढते आणि थंडीत घटते. फ्रीझरच्या उणे १८ अंशांनी बिघडत काही नाही, पण फेराइटच्या मोटरी बनवणारे त्यांची खरी परीक्षा कडाक्याच्या थंडीतच घेतात. निओडिमियमचा चुंबक कितीतरी बलवान. तरी त्याची हीच ताकद तापल्यावर झपाट्यानं ओसरते आणि साध्या प्रतीचा चुंबक ८० अंशांपुढे कायमचा मार खातो.

रबर आणि चुंबकाची ही जोडी प्रयोगशाळांत आणखी पुढे गेली आहे. सिलिकोन किंवा नैसर्गिक रबरात काही मायक्रॉनचे लोखंडी कण मिसळले की ते रबर चुंबकीय क्षेत्रात कडक होतं आणि क्षेत्र काढलं की सैलावतं. फोर्डच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात मोटारीच्या सस्पेन्शनच्या बुशसाठी ते अजमावलं. गाडी गाठेल त्या तापमानाला लोखंडी कणांना काही होत नाही. रबर मात्र मऊ पडतं, फुगतं, कण एकमेकांपासून किंचित दूर जातात. त्यामुळे गार सकाळी आणि गाडी तापल्यावर क्षेत्र निर्माण करणाऱ्या कॉइलमधल्या त्याच प्रवाहाला हे रबर निराळा प्रतिसाद देतं, आणि प्रवाह किती सोडायचा हे ठरवणाऱ्या यंत्रणेला बुशचं तापमानही मोजत राहावं लागतं.