जुन्या वाड्यात मीटिंग, चूल बचत गटाची

शिर्डीत कंपन्यांच्या मीटिंगा हॉटेलांच्या एसी हॉलमध्ये होतात. शेजारच्या कोपरगावात राघोबादादा पेशव्यांचा वाडा आहे, १७८३ मध्ये ते त्याच गावी वारले, हे पाहुण्यांना कोण सांगतं? जुनी वास्तू भाड्यानं देऊन जगवता येते. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडलं, डागडुजी होऊन २०१६ मध्ये उघडलं. आता ते कार्यक्रमांना भाड्यानं मिळतं. २०१९ मध्ये किल्ल्यांवर हॉटेलांची बातमी आली तेव्हा मात्र राज्यभर ओरड झाली. रास्तच होती! केंद्र-संरक्षित वास्तूत परिषद, मेजवानी करायची तर केंद्राची लेखी परवानगी लागते, हा १९५९ चा नियम. मला विचाराल तर अंगणात सभा खुशाल होऊ दे, भिंतीत खिळा नको. आणि जेवणाला बाहेरचा केटरर कशाला? शेंगोळ्या, बाजरीची भाकरी, ठेचा आपल्या बचत गटाच्या बायका करतील, फक्त ऑर्डर आधी द्या आणि पैसे रोख.